रजा पुटअप केली आहे

निर्णय ही फार घातक वस्तू आहे. तो घेतला की कुणीतरी घेतला असं होतं. कुणीतरी आलं की त्याचं नाव आलं, नाव आलं की सही आली, आणि सही आली की मागोमाग चौकशी आलीच. म्हणून शहाणी माणसं निर्णय घेत नाहीत. ती तो वर पाठवतात.

या वर पाठवण्याला पनवेलच्या खाडीकाठ सुशोभीकरण मंडळात 'पुटअप' म्हणतात. क्रियापद मूळचं इंग्रजांचं. इंग्रज लोक ते तंबू ठोकायला, भिंतीवर तसबीर टांगायला आणि आलेल्या पाहुण्याला चार दिवस ठेवून घ्यायला वापरतात म्हणे. शिवाय शेवटी 'विथ' जोडलं तर मुकाट्याने सहन करायलाही. मंडळाला यातल्या कशाचीच गरज पडली नाही. तंबू नव्हता, तसबिरीच्या खिळ्याला मंजुरी नव्हती, पाहुण्याला बसायला खुर्ची नव्हती, आणि सहन करायचं काम जनता कुठल्याही क्रियापदाविना उत्तम करत होती. मग मंडळाने त्या बिचाऱ्या शब्दाला स्वतःचं काम दिलं. साहेबाने फायलीवर 'पुटअप' लिहिलं की त्याचा अर्थ 'पुन्हा घेऊन ये'. कारकुनाने 'पुटअप केलंय' म्हटलं की त्याचा अर्थ 'आता मला विचारू नका'. आणि खिडकीवर आलेल्या माणसाला 'पुटअपला आहे' असं सांगितलं की त्याचा अर्थ 'घरी जा'. तिन्ही वेळा काम होत नाही, पण तिन्ही वेळा ते कुठेतरी वर चाललं आहे याचं समाधान मात्र सगळ्यांना मिळतं.

हे मंडळ एका टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. माणसं तेवीस. खाडीचा काठ सुंदर करायचा, एवढंच काम. गेल्या अकरा वर्षांत मंडळाने एक बाक तयार केला असून तो सध्या जिन्याखाली आहे (तो कुठे बसवायचा हे पुटअपला आहे). मागच्या वर्षी मंडळात एक हजार आठशे बेचाळीस प्रकरणं पुटअप झाली आणि तीन निर्णय झाले. त्यांपैकी एक निर्णय 'तूर्त निर्णय घेऊ नये' असा होता, दुसरा भिंतीवरच्या घड्याळाचा, आणि तिसरा ते घड्याळ पाच मिनिटं मागे ठेवण्याचा. एवढ्या मोठ्या उलाढालीत तीनच चुका व्हाव्यात, हे कौतुकास्पद आहे.

या सगळ्या कारभाराचा कणा म्हणजे रंजिता. खाडीपलीकडच्या गावची, मिठागरात राबलेल्या आईबापांची मुलगी. वय एकोणतीस, नोकरी सात वर्षं, टेबल आस्थापना शाखेचं. म्हणजे कोण कामावर आलं, कोण नाही आलं, कुणाला रजा आणि कुणाला नोटीस, हे सगळं तिच्या टेबलावरून जायचं. तिच्यासारखं पुटअप अख्ख्या जिल्ह्यात कुणी करत नसे. एक प्लास्टिकची बादली घ्यायची होती तर तिने चार पानांची टिपणी लिहिली, आणि ती वाचून झाल्यावर बादली घ्यायची आहे की टाकून द्यायची आहे हे एकाही अधिकाऱ्याला कळलं नाही. मुख्य लिपिक चंद्रावती मॅडम ती टिपणी आजही नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवतात. बादली अजून आलेली नाही.

रंजिताला या कामाचा अभिमान होता, आणि का नसावा? सात वर्षांत तिच्या हातून कुणाचंही वाईट झालं नव्हतं. जे काही झालं ते वरून झालं. दोन वर्षांपूर्वी आवक-जावकवाल्या अमजदच्या बहिणीचा, झेबाचा, निकाह होता. त्याचा रजेचा अर्ज वर गेला तो गेलाच. निकाहच्या दिवशी भाऊ नाही तर मग कोण उभं राहणार, म्हणून अमजद सरळ निघून गेला. परत आला तेव्हा रंजिताने टिपणी लिहिलेली होती : 'सदर कर्मचारी विनापरवानगी गैरहजर. सेवेत खंड धरावा किंवा कसे, आदेशार्थ पुटअप.' तेव्हाच्या साहेबांनी खाली सही केली. अमजदची नऊ वर्षांची नोकरी पुसली गेली आणि तो पुन्हा पहिल्या दिवसापासून नोकरीला लागला.

"ताई, हे काय केलंत?" तो एवढंच म्हणाला होता.

"मी काय केलं? मी फक्त पुटअप केलं," रंजिता म्हणाली. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

अशात रंजिताचं लग्न ठरलं.

मुलगा उरणचा. परेश नाव, बंदरात कंटेनरच्या कामावर, स्वभावाने गरीब. बघायला आला तेव्हा दोघांना पाच मिनिटं गच्चीवर पाठवलं. त्याने धीर करून विचारलं, "आवडलो का मी?" रंजिता सवयीने म्हणाली, "घरच्यांकडे पुटअप करते." परेशला ते लाजणं वाटलं. तो त्याच क्षणी विरघळला.

आणि खरं सांगायचं तर तोही तिला आवडला होता. भयंकर आवडला होता. बसमध्ये, फायलीत, भात टाकताना, सारखा तोच दिसायचा. हळद मंगळवारी, लग्न बुधवारी दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर, कळंबोलीजवळच्या हॉलवर. पत्रिका बाराशे छापल्या. रंजिताने सोमवार ते शुक्रवार पाच दिवसांची रजा मागायची ठरवली. सात वर्षांतली पहिलीच रजा. तिला त्यात काही अडचण दिसेना.

तिने अर्ज लिहिला. अमजदने त्यावर आवक शिक्का मारला आणि 'मुबारक हो ताई' म्हणत शिरस्त्याप्रमाणे तो आस्थापना शाखेच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणजे रंजिताच्याच टेबलावर. रंजिताने तो उघडला, वाचला आणि पेन उचललं. तिथे ते पेन थांबलं.

मंडळाचं एक परिपत्रक आहे : 'कोणीही स्वतःच्या प्रकरणावर स्वतः टिपणी लिहू नये.' चार वर्षांपूर्वीचं. मसुदा रंजिताचाच.

आता रजेच्या अर्जावर टिपणी लिहायचा अधिकार फक्त आस्थापना लिपिकाला. आस्थापना लिपिक रंजिता. आणि रंजिताच्या अर्जावर रंजिताने टिपणी लिहायची नाही. दुसरी कुणी असती तर पदर खोचून साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली असती. पण रंजिता कामात पक्की. तिने नवीन फाईल उघडली आणि लिहिलं : 'अर्जदार व टिपणीकार एकच असल्याने पुढे कसे जावे, मार्गदर्शन व्हावे. पुटअप.'

चंद्रावती मॅडमनी तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'योग्य मार्गाने पुटअप करावे.' साहेबांनी सहाव्या दिवशी लिहिलं, 'चर्चा करावी.'

कार्यालयप्रमुख उदयसिंह साहेब हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असून अजूनपर्यंत त्यांच्या नावावर एकही निर्णय नाही. (घड्याळाचे दोन निर्णय आधीच्या प्रभारी साहेबांचे, त्याची चौकशी ते आता भोगत आहेत. आणि निर्णय घेऊ नये हा निर्णय सर्वानुमते झाला होता.) रंजिता आत गेली तेव्हा ते मनापासून हसले.

"अरे वा! लग्न! कधी? बुधवारी? आम्ही सगळे येणार बरं का. मटण आहे ना?"

"मटण हळदीला, साहेब. लग्नाला जिलबी. पण रजा..."

"रजा काय, देऊन टाकू की. तू फक्त व्यवस्थित पुटअप कर."

"मी करू शकत नाही ना साहेब, माझंच प्रकरण आहे."

"मग दुसऱ्या कुणाला तरी करायला सांग."

हा मार्ग रंजिताच्या डोक्यात आलाच नव्हता. ती आनंदाने बाहेर आली आणि तिने प्रस्ताव तयार केला : अमजद यांना एका प्रकरणापुरता, एका दिवसासाठी, आस्थापना लिपिकाचा कार्यभार द्यावा. प्रस्ताव वर गेला. आठव्या दिवशी परत आला. कोपऱ्यात साहेबांचं हिरवं अक्षर : 'सदर नेमणुकीत प्रस्ताव सादर करणाऱ्याचेच हित आहे. इतर कोणामार्फत पुटअप करावे.' इतर कोणामार्फत करायचं तर त्या इतर कोणाला नेमायला हवं. नेमणूक आस्थापनेचा विषय. आस्थापना म्हणजे रंजिता. आणि ती नेमणूकही रंजिताच्याच हिताची.

यात कुणाचीही चूक नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम नियमानुसार केलं होतं आणि फाईल एक्केचाळीस पानांची झाली होती.

लग्नाला अकरा दिवस राहिले तेव्हा ती अमजदच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला फाईल न घेता कुणाकडे जायचं होतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना.

"अमजदभाई, तुम्ही साहेबांना एकदा तोंडी सांगाल का? की आस्थापनेचं काम एक दिवस मी बघतो म्हणून?"

अमजदने शिक्का बाजूला ठेवला. त्याच्या मनात आलं असेल ते आलं असेल, पण चेहऱ्यावर आलं नाही. "ताई, मी नाही म्हणणार नाही. कसम से, तुमचं भलं व्हावं असंच वाटतं मला. पण हो म्हणायचा अधिकार आवक-जावकला कुठे आहे? अर्ज द्या, मी पुटअप करतो."

रंजिता जागेवर येऊन बसली. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं. ती घरी गेली तेव्हा आई, रंभा, अंगणात पापलेटं साफ करत बसली होती. ही बाई चाळीस वर्षं मिठागरात उन्हात उभी राहिलेली. साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकली तेवढंच तिचं शिक्षण.

"काय गो रंजे, रजा भेटली का नाय?"

"पुटअप केली आहे, आई."

"म्हंजी भेटली?"

"म्हणजे... वर गेली आहे."

"वर कोन हाय?"

"साहेब."

"त्याच्या वर?"

"मोठे साहेब. बेलापूरला बसतात."

"आन त्याच्या वर?"

रंजिताने मंत्रालयापर्यंतची उतरंड सांगितली. रंभाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सुरी पाण्यात बुडवली. "येवढी मानसा हायत, आन एकाच्या पन तोंडात जीभ नाय?" ती म्हणाली. रंजिताला आईच्या अडाणीपणाची कीव आली.

रजेविना निघून गेलं तर काय होतं ते तिला अमजदवरून ठाऊक होतं. सात वर्षं पुसली जाणार. बाप गेल्यावर तिने ही नोकरी परीक्षा देऊन, रात्रंदिवस एक करून मिळवली होती. ती कुणाची मेहेरबानी नव्हती. आणि नोकरी सोडायची नाही तर परेश? तो रोज फोन करून विचारायचा, "रजा झाली का?" त्याच्या आवाजात तक्रार नसायची. त्यामुळे जास्तच वाईट वाटायचं.

मग लग्नाच्या आठवड्यात कार्यालयात एकदम उत्साहाची लाट आली. रंजिता सगळ्यांची लाडकी. तिच्या लग्नाला जायचंच, असं झाडून सगळ्यांनी ठरवलं आणि बुधवारच्या एका दिवसाच्या किरकोळ रजेचे बावीस अर्ज आले. साहेबांचाही होता (तो माहितीसाठी बेलापूरला). कारण : 'सहकाऱ्याच्या विवाहास उपस्थिती.' हे सगळे अर्ज आस्थापना शाखेत, म्हणजे रंजिताच्या टेबलावर आले. कुणाच्याही अर्जावर टिपणी लिहायला तिला मनाई नव्हती. तिने नमुनेदार टिपण्या लिहिल्या, पानांना खुणेच्या पताका लावल्या, आणि बावीसच्या बावीस रजा चोवीस तासांत मंजूर झाल्या. मंडळाच्या इतिहासात हा विक्रम आहे. शिफारस केलेली असली की सहीला भीती वाटत नाही, असं साहेब नंतर म्हणाले.

तेवीस माणसांच्या कार्यालयात बावीस जणांना रंजिताच्या लग्नाला जायची रजा मिळाली आणि कार्यालयात थांबायला एकच माणूस उरलं. ते कोण, हे सांगायला नकोच.

मंगळवारी ती दिवसभर काम करून गेली आणि संध्याकाळी हळदीला बसली. साहेबांनी दोन वेळा मटण वाढून घेतलं. "उद्या भेटूच!" असं म्हणून ते निघाले.

बुधवारी सकाळी दहा वाजता रंजिता कार्यालयात हजर झाली. हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्यांचा दोरा रुतलेली खूण, कोपरापर्यंत मेंदी आणि वर हळद. हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठा ओळखायला नकार दिला. 'पुन्हा प्रयत्न करा,' ते तीन वेळा म्हणालं. शेवटी तिने मस्टरवर सही केली, पंखा लावला आणि बावीस रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसून राहिली. खाली टायरवाला हातोडा मारत होता. तिला वाटलं होतं, साडेअकराला कुणीतरी येईल आणि म्हणेल, जा. कोण येणार होतं? जे जा म्हणू शकले असते ते सगळे हॉलवर जमले होते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. परिपत्रक क्रमांक सतरा : 'कार्यालयप्रमुख रजेवर असल्यास कार्यभार उपस्थितांपैकी ज्येष्ठतम कर्मचाऱ्याकडे राहील.' तिने आजूबाजूला पाहिलं. उपस्थितांत तीच ज्येष्ठ होती. (सर्वांत कनिष्ठही तीच होती, पण परिपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता.) म्हणजे आज साहेब ती होती! स्वतःच्या प्रकरणावर टिपणी लिहायला मनाई होती, निर्णय घ्यायला नव्हती. निर्णय कुणी घेईल असं ते परिपत्रक लिहिताना तिलाच सुचलं नव्हतं.

ती धावत साहेबांच्या खोलीत गेली. खुर्चीत बसली. खुर्ची मऊ होती. एक्केचाळीस पानांची फाईल समोर, हिरवं पेन हातात. लिहायचा एकच शब्द, 'मंजूर'. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं, अडवायला जगात कुणी नव्हतं. तिने टोपण काढलं, झोकात लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली.

मग तिने काय लिहिलं ते वाचलं.

'चर्चा करावी.'

अक्षर तिचंच होतं. शाई अजून ओली होती. रंजिता तीन बोटांत धरलेल्या त्या पेनाकडे आणि हळदीच्या हाताकडे बघत राहिली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. आपल्याला कुणी अडवलं नव्हतं हे तिला पहिल्यांदा कळलं. आणि अमजदलाही तेव्हा दुसऱ्या कुणी अडवलं नव्हतं.

तरीपण आदेश तो आदेश. डोळे पुसून ती टेबलाच्या अलीकडच्या बाजूला अर्जदार म्हणून उभी राहिली, मग पलीकडे साहेब म्हणून बसली. चर्चा नऊ मिनिटं चालली. खेळीमेळीत झाली. योग्य टिपणीसह प्रकरण पुन्हा पुटअप करावं, असं चर्चेअंती ठरलं.

त्याच वेळी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि रंभा आत आली. भरजरी नऊवारी, गजरे, चेहरा तापलेला. खाली टेम्पो चालूच ठेवलेला होता.

"काय गो, तिकडं भटजी घड्याल बघतंय, नवरा घामानं भिजलाय, बाराशे मानसा जमलीत, आन तू हितं बसून काय करतंस?"

"रजा मंजूर नाही, आई."

"कोन करनार मंजूर? तुजा साहेब तर पयल्या रांगेत बसून सरबत पितंय!"

"आज साहेब मीच आहे."

"मंग कर ना!"

"आई, हात लिहीतच नाही गं. मी लिहायला गेले आणि... माझ्याच्यानं होत नाहीये."

रंभाने लेकीकडे पाहिलं. सात वर्षं हिने घरी आणलेला तो शब्द, पुटअप, तिला कधी कळला नव्हता. आता कळला. तिने रंजिताच्या बोटांतून हिरवं पेन काढून घेतलं.

"कंच्या कागदाव?"

रंजिताने बोट दाखवलं. रंभाने जीभ दातांत धरली आणि सावकाश, दाबून, दोन अक्षरं काढली. रंभा.

"आई, वर मंजूर लिहावं लागतं."

"माजा नाव हाय ना खाली? मंग मंजूर. ऊठ आता."

आणि रंजिता उठली. टेम्पोत बसली. आईने पुन्हा बांधलेल्या मुंडावळ्या वाऱ्याने उडत होत्या आणि ती हसत होती की रडत होती ते टेम्पोवाल्यालाही कळेना. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, लग्न बारा बावन्नला लागलं. (मधली सतरा मिनिटं भटजींनी स्वतःच्या अधिकारात चालवून घेतली. त्या दिवसातला हा दुसरा निर्णय.) उदयसिंह साहेबांनी सगळ्यात जोरात अक्षता टाकल्या. फोटोत त्यांचा हात स्पष्ट दिसतो.

पुढच्या सोमवारी रंजिता कामावर आली तेव्हा टेबलावर तिच्या नावाची नोटीस होती. विवाहाच्या कारणास्तव कार्यालय सोडल्याचं दिसून येतं, रजेवर 'रंभा' या नावाची सही आहे, हे पद मंडळाच्या आकृतिबंधात आढळत नाही, सबब सात वर्षांच्या सेवेत खंड का धरू नये? खाली साहेबांचा शेरा होता : 'प्रथम सदर विवाह झाला किंवा कसे, याची खातरजमा करून पुटअप करावे.' विवाह झाला असेल तर कारण खरं, आणि मग विचार करता येईल. झालाच नसेल तर प्रश्न मिटला.

बावीस जणांचे जबाब घेण्यात आले. चंद्रावती मॅडमनी लिहिलं, 'मी तीन जिलब्या खाल्ल्या हे खरे आहे. परंतु त्या विवाहाच्या होत्या किंवा कसे, हे वरिष्ठांनी ठरवावे.' एकाने लिहिलं की आपण उपस्थित होतो, मात्र पुढे उंच माणूस बसल्याने काही दिसलं नाही. तो उंच माणूस म्हणाला, आपलं लक्ष मोबाइलमध्ये होतं. साहेबांनी स्वतःच्या जबाबात फोटोतला हात प्रथमदर्शनी आपल्यासारखा दिसत असल्याचं मान्य केलं.

अमजदचा जबाब एका ओळीचा होता. 'लग्न झालं. मी होतो.' विहित नमुन्यात नसल्याने तो परत करण्यात आला.

तो परत आलेला कागद नेऊन द्यायचं काम आस्थापना शाखेचं. रंजिता तो घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली आणि देईचना.

"अमजदभाई, झेबाच्या निकाहच्या वेळी मी चुकले. साहेब नाही, नियम नाही. मी."

मंडळात अशा वाक्याची पद्धत नाही. अमजदने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा ताई. चहा सांगतो," तो म्हणाला, आणि कुणालाही न विचारता त्याने चहा सांगितला. त्याच दुपारी रंजिताने त्याची जुनी फाईल काढून एका ओळीची टिपणी लिहिली : 'यांची नऊ वर्षं यांना परत द्यावीत. तेव्हाची माझी टिपणी चुकीची होती.' साहेबांनी ती फाईल तीन दिवस हातात घेतली नाही. त्यांना ती गरम लागत होती म्हणे.

आता रंजिताची सात वर्षं एका गोष्टीवर अडली आहेत. बावीसपैकी एकवीस जबाबांत वरिष्ठांनी ठरवावं असं आहे आणि एक जबाब परत आला आहे. तेव्हा मंडळाशी संबंध नसलेला, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असलेला एक त्रयस्थ साक्षीदार शोधावा, असं ठरलं. तो सापडला आहे. तुम्ही.

अहो, इकडेतिकडे काय बघताय? पहिल्या ओळीपासून तुम्हीच बसलेले आहात इथे. हळद पाहिलीत, टेम्पो पाहिलात, अक्षता पाहिल्यात, मधून मधून हसलातही. प्रश्न एवढाच आहे : बुधवारी रंजिताचं लग्न झालं की नाही? एका शब्दात उत्तर, खाली नाव आणि सही. पेन हिरवंच हवं असं नाही. रंभाने दोन अक्षरांत केलं, तुम्ही तर शिकलेले.

काय म्हणालात? झालं असावं असं वाटतं, पण सही म्हटली की आधी घरी एकदा विचारलेलं बरं?

हरकत नाही. तसं पुटअप करतो.